माशी, मासा आणि अनुकृती

शिरगावातील आमच्या एका वाचनबैठकीत खाणपट्ट्यातील गावावरची एक कथा वाचली गेली. तपशिलात ती चोख होती. खंदकाची खोली मीटरमध्ये दिलेली होती, ट्रकांच्या फेऱ्या मोजलेल्या होत्या, विहिरी कोणत्या क्रमाने आटल्या तेही नोंदलेले होते. २०१२ मध्ये थांबलेले, मधल्या काळात सुरू झालेले, २०१८ मध्ये पुन्हा बंद पडलेले आणि २०२४ मध्ये डिचोलीत पुन्हा सुरू झालेले खाणकाम ज्यांनी उंबरठ्यावरून पाहिले, त्या श्रोत्यांना एकही चूक काढता आली नाही. तरीही वाचन संपल्यावर एक वृद्ध सभासद शांतपणे म्हणाले, "सगळें बरोबर आसा, पूण गांव खंय?" लेखक दुखावला. जे घडले ते जसेच्या तसे लिहिले, यापेक्षा अधिक प्रामाणिकपणा तो कोणता, असा त्याचा प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सौजन्याने टाळण्याजोगे नाही. प्रस्तुत लेखकाला ते उत्तर शोधताना अगदी अनपेक्षित ठिकाणी आधार सापडला, तो म्हणजे ट्राउट माशासाठी कृत्रिम माश्या बांधणाऱ्या गळकऱ्यांच्या वाङ्मयात.

आपल्याकडे गरी टाकतात ती गांडूळ किंवा कोळंबी लावून. मासा खरे अन्न पाहून येतो आणि अडकतो. अनुकृतीचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. थंड पाण्याच्या ट्राउटसाठी मात्र पिसे, लोकर आणि रेशीम यांनी गळावर कीटकाचे सोंग उभे करण्याची जुनी परंपरा आहे. इंग्रजीतील मासेमारीवरचा पहिला छापील प्रबंध १४९६ सालचा. त्यात अशा बारा माश्या सांगितल्या आहेत. तेव्हापासून एकच वाद चालू आहे. सोंग मुळाशी किती जुळावे? आल्फ्रेड रोनाल्ड्सने १८३६ च्या आपल्या ग्रंथात खरा कीटक आणि त्याची बांधलेली प्रतिकृती शेजारी शेजारी रंगवून दाखविली. पुढे हॅल्फर्डने १८८६ च्या पुस्तकात तरंगत्या माश्यांच्या बांधणीचे शास्त्रच रचले आणि काटेकोर अनुकृतीचा आग्रह धरला. या दोघांच्या मधल्या काळात, १८५७ मध्ये, स्कॉटलंडच्या स्टुअर्टने नेमका उलटा पक्ष मांडला होता. आकार आणि आकारमान साधले, माशी पाण्यावर योग्य रीतीने पडली, की मोजके नमुने पुरतात, असे त्याचे म्हणणे. साहित्यातील वास्तववादाच्या वादाशी हा वाद किती मिळताजुळता आहे, हे वेगळे सांगावयास नको.

या वादाची खरी कसोटी पाहणारा कीटक म्हणजे क्रेन फ्लाय. इंग्रज माणूस त्याला लाडाने 'डॅडी लाँगलेग्ज' म्हणतो. आपल्या दिव्याशी तो आला तर 'केवढा हा डास!' असे म्हणून कोणी चप्पल उगारील. परंतु तो चावत नाही, रक्तही पीत नाही. त्याच्या अळ्या ओलसर मातीत वाढतात आणि गवताची मुळे खातात. प्रौढ कीटकाचे आयुष्य थोड्या दिवसांचे असते, उडणे बेताचे आणि सहा पाय इतके लांब व नाजूक की धरू जाता तुटून हाती यावेत. ब्रिटनमध्ये उन्हाळ्याच्या अखेरीस व शरदात हे कीटक मोठ्या संख्येने निघतात. वारा त्यांना कुरणांवरून उचलून तळ्यात टाकतो आणि ट्राउट त्यांची वाटच पाहत असतो. आयर्लंडच्या मोठ्या सरोवरांवर तर लांब काठी आणि वाऱ्यावर फुगणारा रेशमी दोर घेऊन जिवंत क्रेन फ्लायच पाण्यावर नाचविण्याची रीत आहे.

कृत्रिम क्रेन फ्लाय बांधताना धड राफियाचे, हरणाच्या केसांचे किंवा फोमचे करतात. कसब आहे ते पायांत. फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसातील एकेक तंतू घेऊन त्याला मधोमध गाठ मारतात. त्या गाठीने तंतू वाकतो आणि पायाचा सांधा तयार होतो. गंमत अशी की अनेक बांधण्यांत सहाऐवजी आठ पाय असतात. खऱ्या कीटकाचे पाय चोहोकडे फाकलेले, तर सोंगाचे बहुधा मागे लोंबणारे. कीटकशास्त्राच्या परीक्षेत असे चित्र काढणारा विद्यार्थी नापास होईल. मासा मात्र येतो.

तो का येतो, याचे उत्तर पाण्याखाली आहे. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे माशाला बाहेरचे सारे जग डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या शंकूतूनच दिसते. त्या गोल खिडकीपलीकडे पाण्याचा पृष्ठभाग खालून आरशासारखा होतो आणि तळाचे प्रतिबिंब दाखवितो. वरून येणारा कीटक खिडकीत शिरण्यापूर्वी त्याचे धड माशाला दिसतच नाही. दिसतात ते त्या आरशाला पायांनी पडलेले खळगे, प्रकाशाचे हलणारे ठिपके. म्हणजे माशाच्या लेखी क्रेन फ्लाय हा मुख्यतः पायांचा पाण्याशी झालेला संबंध आहे. पायांची संख्या, धडावरची छटा, पंखांच्या शिरा हे सारे टेबलावर भिंग घेऊन बसलेल्या माणसासाठी आहे.

येथे आपल्या परंपरेतील एका वादाची आठवण होणे अपरिहार्य आहे. काश्मीरच्या प्रवाहांत ब्रिटनहून आणलेल्या अंड्यांतून ट्राउट रुजला तो १९०० च्या सुमारास. परंतु अनुकृती म्हणजे काय, याची चर्चा त्याच काश्मिरात त्यापूर्वी हजार वर्षे होऊन गेली होती. नट रामाच्या स्थायिभावाचे अनुकरण करतो आणि तो अनुकृत स्थायी म्हणजेच रस, असे श्रीशंकुकाचे मत होते. त्याचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. मत अभिनवगुप्ताच्या 'अभिनवभारती'तून कळते. अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी त्या मताला मार्मिक प्रश्न केला. हे अनुकरण कोणाच्या दृष्टीने? प्रेक्षकाच्या, नटाच्या, की वस्तुस्वरूपाची चिकित्सा करणाऱ्याच्या? शिवाय, रामाची रती पूर्वी पाहिली आहे कोणी, की नट तिचेच अनुकरण करीत आहे असे म्हणावे? हॅल्फर्ड आणि स्टुअर्ट यांच्यामधला तंटा भट्टतौताच्या पहिल्या प्रश्नाने उलगडतो. एकाने चिकित्सकाच्या दृष्टीने माशी बांधली, दुसऱ्याने ग्राहकाच्या.

पेडणे-डिचोलीच्या प्रेक्षकाला हे तत्त्व पोथीतून शिकण्याची गरज नाही. देवळापुढच्या दशावतारात एक बाकडे असते. राजा बसला की ते सिंहासन, आणि तेच प्रसंगी पर्वत होते. स्त्रीचे काम करणारा नट पुरुष आहे हे पहिल्या रांगेतील पोरालाही ठाऊक असते. बाकड्यावर कोणी सोनेरी मुलामा चढविला म्हणून सिंहासन अधिक खरे झाले असते असे नाही. राजा बसतो कसा आणि भोवतालचे उभे राहतात कसे, यातून सिंहासन घडते. पायांचा पाण्याशी संबंध तो हाच.

परंतु साम्य येथवरच नेता येते. कृत्रिम माशीच्या पोटात गळ असतो. मासा जे पाहतो ते त्याला खरेच वाटते. शंकुकाच्या परिभाषेत ते मिथ्याज्ञान होय आणि त्याची किंमत प्राणाने चुकवावी लागते. शंकुकाने नाट्यप्रतीतीला यापासून काळजीपूर्वक वेगळे काढले. चित्रातील घोडा पाहून होणारे ज्ञान सम्यक् नाही, मिथ्या नाही, संशय नाही, सादृश्यही नाही. ते या चारींहून निराळे आहे. भट्टतौतांनी त्याच्या अनुकरणवादाचे खंडन केले तरी हा चित्रतुरगाचा दृष्टान्त आजही उपयोगी पडतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. खाणपट्ट्याविषयी लिहिताना दोन्ही बाजूंना घसरण्याचा धोका असतो. दुःखाचे आमिष लावून वाचकाला अश्रूंकडे किंवा घोषणेकडे ओढणारे लेखन त्याला मासा समजते. दुसरीकडे पंचनामा वाचकाला सम्यक् ज्ञान देतो. न्यायालयात, ग्रामसभेत त्याचे मोल मोठे आहे आणि विहिरी आटलेल्या गावाने ते कमी लेखू नये. आमच्या लेखकाने कथेकडून पंचनाम्याचे काम मागितले, म्हणून गाव हरवले.

यावरून तपशील नकोतच, असा सोयीस्कर अर्थ कोणी काढू नये. फेझंटच्या तंतूला नेमक्या जागी गाठ मारण्यासाठी सांधा कोठे आहे हे ठाऊक असावे लागते. आठ पाय बांधणाऱ्याला सहाच असतात हे माहीत असते. काय सोडावे याचा अधिकार ज्याने सारे पाहिले त्यालाच पोहोचतो. न पाहताच सोडणारा आळशी असतो.

त्या कथेत एक ओळ होती, जिच्यावरून लेखक स्वतःच घाईने पुढे गेला होता. घरातील म्हातारी दर उन्हाळ्यात विहिरीच्या दोराला नवा तुकडा जोडते, आणि कळशी ओढताना त्या गाठी तिच्या तळहातांतून एकामागून एक जातात. खंदकाची खोली मीटरमध्ये सांगणाऱ्या दोन पृष्ठांनी जे साधले नाही, ते या गाठींनी साधले होते. त्या दोराचे माप खरे की कल्पित, असे बैठकीत कोणी विचारले नाही. लेखकाने कथा पुन्हा लिहावी आणि त्या गाठींपासून आरंभ करावा, एवढीच आमची सूचना आहे. मीटरचे आकडे त्याने जपून ठेवावेत. ग्रामसभेत ते लागतील.