दोन कप्प्यांत न मावणारी झाडीपट्टी

मराठी नाटकाचा जगाशी संबंध कसा आला हे सांगायला बसलं की ठरलेली नावं ओठांवर येतात. वायमारचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ आणि विजया मेहता यांनी मिळून उभं केलेलं ब्रेख्तचं ‘अजब न्याय वर्तुळाचा’. पुलंचा १९७८ सालचा ‘तीन पैशाचा तमाशा’. आणि १९७२ मध्ये रंगमंचावर आलेलं, १९८० मध्ये वादाचं वादळ अंगावर घेत युरोपला गेलेलं ‘घाशीराम कोतवाल’. ही कामं मोठी आहेत, अभिमान वाटावा अशीच. पण या तिन्ही नाटकांनी जगाशी बोलताना लोकरंगभूमीचं बोट धरलं होतं आणि तिन्ही मुंबई-पुण्यात घडली. त्याच वर्षांत याच राज्याच्या पूर्व टोकाला, धानाच्या मोकळ्या झालेल्या बांध्यांत, रात्र-रात्र नाटकं चालत होती आणि लोक तिकीट काढून ती पाहत होते. त्या रंगभूमीकडे ना मुंबईनं पाहिलं ना बर्लिननं. पन्नास वर्षांनंतरही चित्र फारसं बदललेलं नाही आणि मला ते खुपतं.

झाडीपट्टी म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. गडचिरोली १९८२ पर्यंत चंद्रपुरातच होता. माणसांच्या येण्याजाण्यात, सोयरिकीत आणि नाटकात तो आजही वेगळा झालेला नाही. या रंगभूमीची राजधानी वडसा, कागदोपत्री देसाईगंज. वैनगंगेकाठच्या या रेल्वेच्या गावात नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या एकमेकींना लागून आहेत. भाऊबीज झाली की हंगाम सुरू होतो, तो होळीपर्यंत आणि कधी पुढेही चालतो. गावात मंडईचा मेळा किंवा शंकरपट ही बैलांची शर्यत ठरली की गावचं मंडळ वडशाला येतं, कंपनीशी बोलणी करून तारीख पक्की करतं. त्या दिवशी घरोघरी पाहुणे उतरतात, लग्नाच्या गोष्टी निघतात, लेकी माहेरी येतात. नाटक हे त्या गावाच्या सणाचं मुख्य अंग असतं.

रात्री दहाच्या आसपास पडदा उघडतो आणि शेवटचा अंक संपेपर्यंत पहाट होते. रंगमंचावर वरून माइक लोंबत असतात. नट बोलायच्या वेळी माइकखाली येतो, बोलून झालं की दुसऱ्याला जागा करून देतो; सगळ्या प्रवेशाची हालचाल या दोन-तीन लोंबत्या माइकांभोवती बांधली जाते. नट आदल्या रात्री दुसऱ्याच गावात दुसरंच नाटक करून आलेला असतो, म्हणून वही घेऊन बसलेल्या प्रॉम्प्टरवर मोठी भिस्त असते. ओळ कानावर पडणं आणि ती तोंडून निघणं यांच्यामध्ये एक बारीकशी फट राहते. झाडीपट्टीचा कसलेला नट ती फट रिकामी राहू देत नाही. मान वळवणं, हात उचलणं, मागच्या वाक्यातला सूर लांबवणं, यांनी तो ती भरतो. शहरातला प्रेक्षक ज्याला भडक अभिनय म्हणून नाक मुरडतो, त्यातला बराचसा या फटीतून जन्मलेला आहे आणि त्याला एक कौशल्य लागतं. समोर ऑर्गनवाला आणि तबलेवाला नटाच्या चेहऱ्याकडे पाहून साथ करतात. गाणं आलं की नट गातोच. विनोदी नट हा तर या रंगभूमीचा कणा. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे हे असेच विनोदी भूमिकांनी नावाजलेले शेतकरी कलावंत. त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या कित्येक नाट्यरसिकांनी झाडीपट्टीचं नाव प्रथम ऐकलं असावं.

एवढी मोठी, स्वतःच्या पायावर उभी असलेली रंगभूमी सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या योजनांत का दिसत नाही? माझं उत्तर असं : या योजनांकडे दोनच कप्पे आहेत. एक कप्पा लोककलेचा. त्यात ढोल, मोरपिसं, रंगीत वेश आणि दहा मिनिटांचा नाच बसतो. दुसरा कप्पा प्रायोगिक रंगभूमीचा. त्यात दिग्दर्शक असतो, त्याची दृष्टी असते, परदेशी भाषेत लिहिलेलं टिपण असतं. झाडीपट्टी दोन्हींत मावत नाही. तिचं मूळ दंडार आणि खडी गंमत या लोकप्रकारांत असलं तरी आजचं तिचं रूप चौकटीच्या रंगमंचावरचं, पडदे लावून केलेलं, तिकिटावर चालणारं कौटुंबिक नाटक आहे. लोककलेच्या अभ्यासकाला ती भेसळ वाटते, प्रायोगिकवाल्याला मागासलेली. सांस्कृतिक संस्थांच्या याद्या करणाऱ्यांचा दोष असेल तर हाच की त्यांनी कप्पे बदलून पाहिले नाहीत. वेळ कमी नव्हता : भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद १९५० पासून आहे. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६ पासून नागपुरात, म्हणजे वडशाहून काही तासांच्या अंतरावर आहे.

खरं तर परदेश या रंगमंचावर कधीचा येऊन बसलेला आहे. रंगवलेले पडदे युरोपातून पारशी नाटक कंपन्यांकडे आले, तिथून संगीत नाटकात, आणि संगीत नाटक ओसरल्यावर ते इथं टिकले. बालगंधर्वांच्या काळात मराठी रंगभूमीवर रुळलेला ऑर्गन पुण्या-मुंबईत क्वचितच दिसू लागला, तेव्हाही झाडीच्या गावांत तो वाजत राहिला. गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ इथल्या शेतकऱ्यांनी दिवसा नांगर आणि रात्री तालीम असं करून वर्षानुवर्षं केला. पूर्वी गावातलेच लोक पुरुष भूमिका करत आणि स्त्री कलावंत, वादक तेवढे बाहेरून बोलावत. कंपन्या नंतर आल्या. शंभरेक वर्षांच्या उसनवारीचा जिवंत दस्तऐवज पाहायचा असेल तर तो कोणत्याही संग्रहालयापेक्षा इथं नीट पाहायला मिळेल. नवरगावच्या व्यंकटेश नाट्य मंडळासारख्या संस्थांनी आणि सदानंद बोरकरांसारख्या लेखक-नटांनी या साच्यात दारू आणि शेतकऱ्याची आत्महत्या हे विषय आणले. म्हणजे साचा अजून ताजं दुःख पेलू शकतो.

शेजारचा दाखला डोळ्यांत भरतो. गडचिरोलीची पूर्व सीमा ओलांडली की छत्तीसगड, तिथला नाचा हा लोकनाट्यप्रकार. आपल्या खडी गंमतीचा तो सख्खा नातलग. रायपूरचे हबीब तन्वीर १९५५ मध्ये लंडनला नाट्यशिक्षणासाठी गेले, पुढे बर्लिनला ब्रेख्तची नाटकं पाहून आले आणि परतल्यावर त्यांनी नाच्याचे खेडुत नट आपल्या नाटकात घेतले. सुरुवातीला त्यांना हिंदीत बोलायला लावलं, शहरी पद्धतीनं उभं-बसं करायला सांगितलं, आणि नट आखडले. १९७० च्या दशकात त्यांनी नटांना त्यांची छत्तीसगढी परत दिली, त्यांच्याच सवयीनं तालीम बांधली. ‘चरणदास चोर’ त्यातून आलं आणि १९८२ मध्ये एडिंबराच्या फ्रिंज महोत्सवात पुरस्कार मिळवून आलं. तन्वीरांच्या या प्रवासात मला महत्त्वाची वाटते ती मधली कोरडी वर्षं. देवाणघेवाण करायची तर बाहेरून आलेल्यानं आधी इतका काळ थांबून शिकावं लागतं. झाडीपट्टीला असा माणूस भेटला नाही. आणि झाडीपट्टीनं त्याची वाटही पाहिली नाही, कारण तिच्याकडे स्वतःचा गल्ला होता. नाच्याचे नट तन्वीरांच्या पगारावर आले. वडशाच्या नटाला कुणाच्या पगाराची गरज नव्हती. हा स्वाभिमान मोलाचा आहे, पण त्याच्यामुळे एक दारही बंद राहिलं.

नृत्याचा विचार केला तर अवस्था अधिक वाईट आहे. भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याकडे माडिया आणि गोंड लोकांचं रेला नृत्य पाहिलेल्याला ते विसरता येत नाही. हातात हात किंवा कमरेला हात, एकाच ओळीत किंवा कोंडाळ्यात मुली, मुलगे, आणि एक अगदी साधं पाऊल. पहिली दहा मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं. अर्ध्या तासानं लक्षात येतं की पाऊल तेच असलं तरी रांगेचा श्वास बदलला आहे, गाणं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकतं आहे, थकलेला एक जण सुटतो आणि रांग मिटते, नवा येतो आणि रांग उघडते. पाहणारा आणि नाचणारा यांच्यात कायमची रेघ नसते. आज युरोपातले समकालीन नर्तक पुनरावृत्ती, दीर्घ काळ आणि सामूहिक शरीर यांच्यामागे लागले आहेत. त्यांना हवं ते इथं आहे. पण रेला बाहेर जातो तो कसा? सरकारी महोत्सवात, एकसारखे वेश घालून, प्रेक्षकांकडे तोंड करून, काही मिनिटांत. कोंडाळं उघडून त्याची सरळ ओळ केली की नाचाचा प्राणच जातो, कारण रेला एकमेकांकडे पाहून नाचला जातो.

डिसेंबर २०१९ मध्ये रायपूरला राष्ट्रीय आदिवासी नृत्य महोत्सव झाला. परदेशी पथकंही आली. हेतू चांगला होता, गर्दीही लोटली. पण स्वरूप स्पर्धेचं. एक पथक उतरलं की दुसरं चढलं. युगांडाचा नर्तक आणि बस्तरचा नर्तक यांनी एकमेकांचं पाऊल शिकावं, असा वेळ अशा आखणीत नसतोच. शेजारी-शेजारी नाचणं म्हणजे देवाणघेवाण नव्हे. मुंबईत राहून काम करणारे नर्तक अस्ताद देबू यांनी हे वेगळं करून दाखवलं होतं. मणिपूरच्या पुंग चोलमच्या ढोलवादक नर्तकांबरोबर ते वर्षानुवर्षं काम करत राहिले, आपली संथ गती त्यांच्या उड्यांशेजारी ठेवत राहिले आणि त्या नर्तकांना घेऊन देशोदेशी गेले. २०२० मध्ये ते वारले. गडचिरोलीच्या वाट्याला असा नर्तक आलेला नाही. नृत्यदिग्दर्शिका पिना बाउशनं २००७ मध्ये भारतावर ‘बांबू ब्लूज’ बसवलं. तिचा शोध कोलकाता आणि केरळात झाला. बांबूचं जंगल ज्यांच्या रोजच्या जगण्यात आहे त्या गावांपर्यंत तिची मंडळी पोचली असती तर काय घडलं असतं, हा विचार मनात येतोच.

परदेशी मंडळी आमच्याकडे येऊन घेऊनच जातील, ही भीतीही खोटी नाही. दिग्दर्शक पीटर ब्रूकचं ‘महाभारत’ १९८५ मध्ये आविन्योंजवळच्या दगडाच्या खाणीत रात्रभर चाललं, उजाडताना संपलं आणि युरोप थक्क झाला. नाट्यसमीक्षक रुस्तम भरूचांनी तेव्हा परखडपणे विचारलं की ज्यांची ही गोष्ट, त्यांना यातून काय मिळालं. तो प्रश्न आजही तसाच ठेवला पाहिजे. त्याला मला पटलेलं एक उत्तर डेन्मार्कच्या ओडिन नाट्यमंडळीचं आहे. युजेनिओ बार्बांची ही मंडळी १९७४ मध्ये दक्षिण इटलीतल्या कार्पिन्यानो या खेड्यात काही महिने राहिली. गावकऱ्यांनी विचारलं, तुम्ही करता तरी काय? तेव्हा त्यांनी खेळ करून दाखवला आणि मोबदल्यात पैसे न मागता गावाची गाणी, नाच मागितले. गाव पुढे आलं. ज्याच्याकडे जे आहे ते त्यानं मांडायचं, कुणी दाता नाही, कुणी नमुना नाही. मंडईच्या दिवसांत झाडीच्या गावाला ही रीत समजावून सांगावी लागणार नाही.

झाडीपट्टीनंही आरशात पाहायला हवं. बाहेरचं घेणं तिनं थांबवलेलं नाही, पण अलीकडे ती घेते आहे ते बहुतेक दूरचित्रवाणी मालिका आणि हिंदी सिनेमाचं उष्टं. मध्येच घुसवलेली नाचगाणी कथानकाशी फटकून असतात. सिनेमातला ओळखीचा चेहरा आणला की तारीख विकली जाते आणि स्थानिक नटाची भूमिका आकसते. स्त्री कलावंत रात्रभर गाडीनं एका गावाहून दुसऱ्या गावाला जाते, तरी तिच्याकडे पाहण्याची गावाची नजर पुरती बदललेली नाही आणि संहिताही तिला सोसणारी किंवा बहकलेली याच दोन टोकांत ठेवतात. शेजारी ‘डान्स हंगामा’ नावाचे खेळ वाढले आहेत. त्यांच्याशी स्पर्धा करायच्या नादात नाटक त्यांच्यासारखं होऊ लागलं तर हंगामाचा गल्ला फार दिवस टिकणार नाही. कितीतरी संहिता वहीतच राहतात आणि वहीबरोबर जातात. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी आयुष्य घातलं, तशी मेहनत इथल्या नाटकांच्या वह्या, पडदे आणि ऑर्गनच्या चाली जपण्यासाठी व्हायला हवी. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. हे काम त्याच्याच दारात पडलेलं आहे.

वडशाच्या मंडळींना विमानात बसवून चाळीस मिनिटांचा तुकडा बर्लिनला करायला लावणं मला नको आहे. रात्रभराचं नाटक कापलं की उरतं ते फक्त ओरडणं. यायचं असेल तर जगानं हंगामात इथं यावं. एखादी छोटी परदेशी नाट्य किंवा नृत्यमंडळी पौष-माघात महिनाभर एखाद्या कंपनीबरोबर फिरावी. त्यांनी माइकखाली उभं राहायला शिकावं, प्रॉम्प्टरची ओळ कानानं झेलायला शिकावं, भामरागडकडे गेल्यास रांगेत हात धरून उभं राहावं. इथल्या नटानं त्यांच्याकडून शांत उभं राहणं, न बोलता वेळ काढणं, लेखकाबरोबर बसून संहिता घडवणं घ्यावं. मध्यरात्रीनंतरच्या अंकाआधीचा अर्धा तास त्यांना द्यावा, भाषा कळो न कळो. त्यांचं मानधन योजनेतून यावं, पण गावाला तो खेळ फुकट दाखवू नये. तिकीट नेहमीचंच असावं. झाडीचा प्रेक्षक न आवडलेल्या अंकाला उठून चहाला जातो आणि आवडलेल्यासाठी थंडीत पोतं अंगावर ओढून बसून राहतो. तो बसून राहिला तर पुढच्या दिवाळीत कुठल्या तरी गावचं मंडळ वडशाला येऊन त्याच परदेशी मंडळींची तारीख मागेल.