उल्लेखाची मोजदाद आणि उल्लेखाचा अर्थ

शब्दांची मोजदाद हा भाषाभ्यासातील जुना उद्योग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केडिंग याने जर्मन भाषेतील सुमारे १ कोटी १० लक्ष शब्दांची वारंवारता मोजविली. त्यामागे लघुलेखनाची सोय हा हेतू होता. कोणता शब्द किती वेळा लिहावा लागतो, एवढाच प्रश्न होता आणि तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर आकड्यांनी दिले. मोजदाद आणि हेतू यांचा असा मेळ असेल तर आकडा विश्वसनीय ठरतो. तो मेळ सुटला म्हणजे काय होते, हे व्यापारजगतात अलीकडे रूढ होत असलेल्या एका मोजदादीवरून दिसून येते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांना खुले झाले. तेव्हापासून आरोग्यविषयक शंका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यकांना विचारण्याचा प्रघात वाढला. साहजिकच, या उत्तरांत आपल्या मालाचे नाव किती वेळा येते हे जाणून घेण्याची निकड उत्पादकांना भासू लागली. प्रश्नांची एक यादी करावयाची, ते प्रश्न निरनिराळ्या साहाय्यकांना पुनःपुन्हा विचारावयाचे आणि शंभरांपैकी किती उत्तरांत विशिष्ट व्यापारनाम आले याची टक्केवारी काढावयाची, अशी ही पद्धत आहे. तिला विद्वत्तेचेही पाठबळ आहे. २०२३ साली पुढे आलेल्या एका निबंधात एखाद्या स्रोताच्या वाट्याला उत्तरातील किती शब्द आले व ते किती आरंभी आले, यावरून त्याची 'दृश्यता' मोजण्यात आली. मजकुरात अवतरणे व आकडेवारी घातल्यास ही दृश्यता ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकते, असा त्या निबंधाचा निष्कर्ष आहे.

रजोनिवृत्तीच्या काळात घ्यावयाच्या आहारपूरकांना ही पद्धत लावली असता तिच्या मर्यादा विशेष स्पष्ट होतात. 'रेमिफेमिन' हे व्यापारनाम उदाहरणादाखल घ्यावे. ब्लॅक कोहॉश या उत्तर अमेरिकेतील वनस्पतीच्या मुळाचा हा अर्क जर्मनीत १९५६ पासून विकला जातो. तेथे त्याची गणना औषधांत होते. अमेरिकेत तो आहारपूरक म्हणून विकला गेला. त्याचे वैशिष्ट्य असे की अनेक वैद्यकीय चाचण्यांत प्रत्यक्ष हाच अर्क वापरलेला असल्याने हे नाव जाहिरातींइतकेच शास्त्रीय वाङ्मयातही आढळते. २००५ साली प्रसिद्ध झालेली ३०४ स्त्रियांवरील चाचणी त्याला अनुकूल होती. २००६ मध्ये युरोपातील औषधनियामकांनी ब्लॅक कोहॉश आणि यकृताची इजा यांच्या संभाव्य संबंधाविषयी इशारा दिला. २०१२ च्या कॉक्रेन समीक्षेने १६ चाचण्या व २,०२७ स्त्रिया यांचा आढावा घेऊन या वनस्पतीच्या उपयोगाचा पुरावा अपुरा ठरविला. २०२३ मध्ये अमेरिकेतील 'द मेनोपॉज सोसायटी' या संस्थेने अंगातून वाफा येणे व रात्री घाम सुटणे या तक्रारींवर आहारपूरके व वनौषधी घेण्याची शिफारस केली नाही.

ज्या वाङ्मयावर साहाय्यक पोसले गेले आहेत, त्यात हे नाव इतक्या परस्परविरोधी संदर्भांत येते. आता पुढील चार वाक्ये पाहावीत :

(१) या तक्रारींवर रेमिफेमिन घेऊन पाहावे.
(२) २००५ च्या चाचणीत रेमिफेमिन वापरले होते.
(३) यकृताचा विकार असल्यास रेमिफेमिन घेऊ नये.
(४) रेमिफेमिनसारख्या पूरकांचा उपयोग निःसंशय सिद्ध झालेला नाही.

मोजदादीच्या दृष्टीने ही चारही वाक्ये सारखी. प्रत्येकाला एक गुण. ऑस्टिनने १९५५ च्या व्याख्यानांत उच्चार आणि उच्चाराने घडणारी कृती यांत जो भेद केला, तो येथे पूर्णपणे पुसला गेला आहे. पहिले वाक्य सल्ला आहे, दुसरे वृत्त, तिसरे इशारा आणि चौथे शंका. इशारे वाढले तरी टक्केवारी वाढते, आणि उत्पादकाच्या अहवालात तीच वाढ यश म्हणून नोंदली जाते.

काही मोजदादींत उल्लेखांचे अनुकूल, प्रतिकूल व तटस्थ असे वर्ग पाडतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याने अडचण सुटत नाही. तिसरे वाक्य रूपाने निषेधाचे आहे. तथापि 'यकृत निरोगी असल्यास घेण्यास हरकत नाही' असा ध्वनी त्यातून सहज निघतो. दुसरे वाक्य तटस्थ दिसते. पण 'चाचणी' या शब्दाची प्रतिष्ठा नावाला चिकटते. अर्थ केवळ वाक्यात राहत नाही, तो विचारणारीच्या गरजेवरही अवलंबून असतो. रात्ररात्र झोप न लागणारी स्त्री त्यातून काय घेते, हे या वर्गीकरणाला कळत नाही.

याहून मूलभूत दोष प्रश्नांच्या यादीत आहे. 'रजोनिवृत्तीसाठी सर्वांत चांगले पूरक कोणते?' या प्रश्नात चांगले पूरक अस्तित्वात आहे हे आधीच गृहीत धरलेले आहे. स्ट्रॉसनने १९५० मध्ये ज्या पूर्वगृहीताची चर्चा केली, त्याचाच हा प्रकार होय. याउलट 'अंगातून वाफा येतात, रात्री घामाने जाग येते, काय करावे?' या प्रश्नात कोणत्याही मालाचे गृहीत नाही. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात व्यापारनाम येणे जवळजवळ अपरिहार्य, दुसऱ्याच्या उत्तरात ते केवळ शक्य. यादीत पहिल्या प्रकारचे प्रश्न अधिक असल्यास टक्केवारी वाढेल. पण ती साहाय्यकाचा कल दाखविणार नाही, यादी करणाराचे गृहीतच आकड्यांच्या रूपाने परत करील.

मराठीकडे वळताच आणखी एक अडचण उभी राहते. 'रजोनिवृत्ती' हा शब्द ग्रंथातला आहे. घरात 'पाळी जायची वेळ झाली' असे म्हणतात, पुष्कळदा तेवढेही नाही. इंग्रजी यादीवरून काढलेली टक्केवारी अशा बोलण्याला लागू पडत नाही. शिवाय उत्तरात नाव 'रेमिफेमिनचा', 'रेमिफेमीनने' अशा प्रत्यययुक्त व भिन्न लेखनाच्या रूपांत येते, आणि पुढे 'ते', 'ही गोळी' एवढ्यावरच भागते. अक्षरांची जुळणी करणारी मोजदाद यांतील कित्येक उल्लेख गमावते.

म्हणून मोजदादच त्याज्य ठरते काय? तसे नाही. एकच प्रश्न पुन्हा विचारला असता उत्तर बदलते. तेव्हा एका उत्तरावरून मत बनविण्यापेक्षा शंभर उत्तरे तपासणे केव्हाही श्रेयस्कर. मात्र प्रश्नाचे मूळ शब्द, भाषा, दिनांक व साहाय्यकाची आवृत्ती नोंदलेली असावी. प्रत्येक उल्लेखातील वाक्कृती ओळखलेली असावी. आणि नावासोबत पुराव्याची स्थिती व इशारा सांगितला होता की नाही, हेही मोजलेले असावे.

हा आग्रह केवळ काटेकोरपणाचा नाही. उल्लेख वाढविणे हेच साध्य झाले की त्यासाठी मजकूर लिहिला जातो. उद्याचे साहाय्यक तोच मजकूर वाचून घडतात. जाहिरात वाचणारीला ती जाहिरात आहे हे निदान ठाऊक असते. साहाय्यकाच्या उत्तरातील नाव मात्र तिला सल्ल्याच्या स्वरात ऐकू येते. त्या दोहोंतील अंतर दाखवू न शकणारा आकडा विक्रेत्याला उपयोगी पडेल. भाषेच्या अभ्यासकाने त्याला पुरावा मानता कामा नये.