नोंदीतला हलबा आणि समाजातला हलबा : रसेल-हिरालाल यांच्या ग्रंथाचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना

रायपूरच्या पंडरी भागातील कापडबाजार सर्वांना परिचित आहे. कापड म्हटले की विणकर आला, आणि नागपूर ते रायपूर या पट्ट्यात विणकर म्हटला की एक जुना वाद समोर येतो : हलबा-कोष्टी हे हलबा जमातीचे आहेत की नाहीत? या पाठात आपण त्या वादाचा निवाडा करणार नाही. वादात ज्याचा वारंवार आधार घेतला जातो, त्या एका ग्रंथाची चिकित्सा करणार आहोत. आर. व्ही. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील हा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला.

ग्रंथाचे बळ

त्या काळी रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. त्यामुळे आज दोन राज्यांत विभागलेला समाज या ग्रंथात सलग दिसतो. बस्तर, कांकेर आणि रायपूरचा दक्षिण भाग येथील शेतकरी हलबा लेखकांनी पाहिले, तसेच भंडाऱ्याकडे गेलेलेही. पुरैत म्हणजे शुद्ध कुळाचे आणि सुरैत म्हणजे मिश्र कुळाचे, असा समाजातलाच भेद त्यांनी टिपला. कोष्टींवरील प्रकरणात 'हलबी' ही पोटशाखा दिली असून, विणकाम पत्करलेल्या हलब्यांपासून ती निघाली असे म्हटले आहे.

या नोंदींतून एक गोष्ट स्पष्ट होते. जमातीची सीमा कुंपणासारखी पक्की नव्हती. धंदा बदलला, गाव बदलले की माणसे एका समूहातून दुसऱ्यात सरकत. भाषेतही हेच दिसते. ग्रीअर्सनने भारतीय भाषांच्या पाहणीच्या सातव्या खंडात (१९०५) हलबीचा विचार मराठीबरोबर केला, पण त्या बोलीत छत्तीसगढी आणि ओडियाचे मिश्रणही स्पष्ट आहे.

ग्रंथाच्या मर्यादा

पहिली मर्यादा अशी, की माहिती देणाऱ्यांचे आवाज येथे जवळजवळ ऐकू येत नाहीत. कोणाला जातीत घ्यायचे, कोणाला वाळीत टाकायचे आणि दंड किंवा जेवण घेऊन कोणाला परत घ्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार जातपंचायतीकडे असे. म्हणजे 'आपला कोण' हे दरवेळी माणसे बसून ठरवत. ग्रंथात मात्र या चालू व्यवहाराचे गोठलेले वर्णन उरते.

दुसरी मर्यादा लेखकांची कमी आणि नंतरच्या वाचकांची जास्त आहे. प्रशासनाच्या सोयीसाठी केलेले वर्णन पुढे दाखल्यासारखे वाचले जाऊ लागले. 'शाखा निघाली' या विधानातून 'म्हणून आजचा अमुक इसम त्या जमातीचा' हा निष्कर्ष आपोआप निघत नाही. शाखा निघाल्यावर किती पिढ्या गेल्या, सोयरीक कोणाशी होत राहिली, मूळ समाज तिला आपली मानतो का, या प्रश्नांना ग्रंथ उत्तर देत नाही.

कायद्याचे वाचन

१९५० च्या अनुसूचित जमाती आदेशाने यादी निश्चित केली. महाराष्ट्रात हलबांसाठी असलेली प्रादेशिक मर्यादा १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने गेली आणि नागपूरच्या विणकर वस्त्यांतील दाव्यांना वेगळे महत्त्व आले. २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला : यादी जशी आहे तशीच वाचायची, 'हलबा, हलबी' या नोंदीत हलबा-कोष्टी येतात का, याची चौकशीच करता येणार नाही, बदल फक्त संसद करू शकते. मात्र ज्या विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशावरून खटला उभा राहिला, त्याची पदवी न्यायालयाने काढून घेतली नाही.

या निकालाचे तर्कशास्त्र समजण्यासारखे आहे. राखीव जागा मोजक्या असतात. यादी सैल झाली तर बस्तर किंवा गडचिरोलीच्या हलबा मुलाची जागा दुसरीकडे जाते. पण दुसऱ्या बाजूला, पिढ्यान्‌पिढ्या स्वतःला हलबा म्हणवणाऱ्या घराला 'तुमचा इतिहास आम्ही तपासणारच नाही' असे ऐकावे लागते. हक्काचा प्रश्न सुटतो. आपलेपणाचा प्रश्न तसाच राहतो.

एक तुलना

अमेरिकेतील चेरोकी समाजात सात कुळे असत आणि मूल आईच्या कुळाचे मानले जाई. आज चेरोकी नेशनचे नागरिकत्व मात्र कुळावर नव्हे, तर विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी सरकारने पूर्ण केलेल्या डॉझ नोंदवहीतील पूर्वजावर ठरते. त्या नोंदवहीत पूर्वीच्या कृष्णवर्णीय गुलामांची यादी वेगळी होती आणि त्यांच्या वंशजांना दीर्घकाळ झगडावे लागले. २०२१ मध्ये चेरोकी नेशनच्याच सर्वोच्च न्यायालयाने घटनेतील 'रक्ताने' हे शब्द रद्द ठरवले. दोन्हीकडे नोंद बाहेरच्याने केली. फरक इतकाच, की तेथे ती नोंद कशी वाचायची हे ठरवण्यात समाजाच्या स्वतःच्या संस्थेलाही अधिकार आहे.

समारोप

म्हणून सगळे जुन्या पंचायतीवर सोपवावे, असा अर्थ कोणी काढू नये. वाळीत टाकण्याच्या अधिकाराने किती घरे मोडली, हे महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यामागचे वास्तव आहे. आपला निष्कर्ष मर्यादित आहे. रसेल-हिरालाल यांचा ग्रंथ समाज कसा सरकत होता याची साक्ष म्हणून वाचावा. कोण आत आणि कोण बाहेर याचा शिक्का म्हणून वाचू नये. त्या कामासाठी तो लिहिलाच गेला नव्हता.

विचारासाठी प्रश्न

१. 'पुरैत-सुरैत' हा भेद जमातीच्या एकसंधपणाच्या कल्पनेला कसा छेद देतो?
२. आरक्षणाचा हक्क आणि समूहाचे आपलेपण यांसाठी एकच कसोटी असावी का? कारणे द्या.
३. तुमच्या समाजात 'आपला कोण' हे आज कोण ठरवते? घरातील दोन पिढ्यांशी बोलून लिहा.