मद्यकुंभ व द्राक्षमळे : एका अनुमानाचें परीक्षण

पश्चिम भारतांत रोमी मद्यकुंभांचीं खापरें सांपडतात, त्या अर्थीं त्या काळीं येथेंहि द्राक्षांचे मळे असावेत, असें अनुमान नाणेघाटाखालच्या आमच्या मुलखांत अनेकदां ऐकूं येतें. तें कितपत साधार आहे, हें पाहणें अवश्य आहे.

प्रथम ग्रंथांची साक्ष घेऊं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत भडोच येथें उतरणाऱ्या मालांत मद्य सांगितलें आहे. त्यांत इटलीचें मुख्य, शिवाय लाओदिकेयाचें व अरबस्तानचें. यावरून मद्य समुद्रमार्गें येत असे एवढेंच ठरतें. कल्याणचा उल्लेखहि त्यांत आहे. परंतु तेथें येणारीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचास नेलीं जात, असें ग्रंथकार म्हणतो. कौटिल्य सुराध्यक्षाच्या प्रकरणांत द्राक्षारसाच्या मद्यास ‘मधु’ म्हणतो, व ‘कापिशायन’ आणि ‘हारहूरक’ हीं त्याचीं नांवें उत्पत्तिदेशावरून पडल्याचें सांगतो. कापिशी काबूलच्या उत्तरेस होती. म्हणजे संस्कृत साक्षीचा रोख वायव्येकडे आहे, अपरान्ताकडे नाहीं.

आतां खापरें पाहूं. नेवासें येथें १९५४ ते १९५६ या काळांत झालेल्या उत्खननांत अशा कुंभांचे तुकडे मिळाले व ते रोमी म्हणून प्रसिद्ध झाले. पुढें रॉबर्टा टॉम्बर यांनीं भारतांतील अशा खापरांची फेरतपासणी केली. रोमी म्हणून नोंदलेलीं कित्येक खापरें मेसोपोटेमियांतील बिनकानी, आंतून डांबर लावलेल्या कुंभांचीं आहेत, असें त्यांनीं २००७ सालीं दाखविलें. या कुंभांचा प्रघात ससानी व आरंभींच्या इस्लामी काळापर्यंत चालू होता. शिवाय खऱ्या रोमी कुंभांत मद्यच असे असेंहि नाहीं. अरिकमेडू येथें तेलाचे व मत्स्यरसाचेहि कुंभ मिळाले आहेत.

मळ्याचा पुरावा निराळाच असतो. पाँपेई येथें ७९ सालच्या राखेखालीं वेलींच्या मुळांच्या पोकळ्या सांपडल्या. इंग्लंडांत वोलास्टन येथें समांतर चर व त्यांतील मातींत द्राक्षवेलीचे परागकण मिळाले. असें कांहीं हातीं आल्यावांचून केवळ खापरावरून मळा उभा करणें न्यायाला धरून नाहीं.

नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजणास लोक जकातीचा रांजण म्हणतात. घाट खरा, सातवाहनांचा लेख खरा, रांजणहि खरा. तथापि त्यांत नाणीं पडत, हें रांजण स्वतः सांगत नाहीं. मद्यकुंभांचीहि तीच गोष्ट आहे.

संग्राहकांस एवढीच विनंति कीं, अशीं खापरें घांसून स्वच्छ करूं नयेत व सांपडल्याचें ठिकाण लिहून ठेवावें. आंतील काळा लेप हीच त्या खापराची जबानी होय. ती पुसली गेली तर पुढील संशोधकाच्या हातीं केवळ तर्क उरेल.

— शेणवा, ता. शहापूर