गांधीजींनी तुरुंगातून न लिहिलेलं पत्र

सोलापुरात 'चार पुतळ्यांपाशी भेटू' असं आपण सहज म्हणतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवडा तुरुंगात फाशी दिली. त्या दिवशी गांधीजीही येरवड्यातच कैदेत होते. मे 1930 मध्ये त्यांना अटक झाल्याचं कळल्यावर सोलापूर पेटलं होतं आणि शहरावर मार्शल लॉ लागला होता.

त्याच कैदेत 1930 साली गांधीजी साबरमती आश्रमाला दर आठवड्याला एकेका व्रतावर पत्र लिहीत होते. सत्य, अहिंसा, अस्वाद, अपरिग्रह. या पत्रांचं पुस्तक म्हणजे 'मंगल प्रभात'. पहिल्यांदा वाचताना मला ते कोरडं वाटलं. हा माणूस तुरुंगात बसून लिहितोय, याचा पत्ताच लागत नाही. भिंती नाहीत, शेजारचे कैदी नाहीत, बाहेर चाललेला सत्याग्रह नाही.

मग प्रस्तावना नीट वाचली. आश्रमाच्या व्रतांमध्ये स्वदेशीही आहे, पण त्यावरचं पत्र येरवड्यातून गेलंच नाही. राजकारणाच्या निषिद्ध हद्दीत थोडं तरी शिरल्याशिवाय या विषयाला न्याय देता येणार नाही, असं गांधीजींना वाटलं. म्हणून ते प्रकरण त्यांनी सुटकेनंतर लिहिलं. गिरण्या आणि मागांच्या सोलापूरला सर्वांत जवळचं असलेलं पत्र तेवढं राहून गेलं!

माझ्या मते या पुस्तकाची किल्ली इथे आहे. तुरुंगातल्या पत्राचा पहिला वाचक म्हणजे टपाल तपासणारा अधिकारी. गांधीजींनी त्याला कात्री चालवायची वेळच येऊ दिली नाही. तुरुंगाची शिस्त पाळायची हे त्यांचं तत्त्व होतं, त्याचा मान राखूनही म्हणावंसं वाटतं की पुस्तकाने त्याची किंमत मोजली आहे. विचार शिल्लक राहिला आणि प्रसंग गळून गेला.

पण काळजी घेतली म्हणजे सुटका होते, असंही नाही. प्रभाकर संझगिरी मुंबईत स्थानबद्ध असताना त्यांनी 'अणूच्या अंतरंगात' हे विज्ञानाचं मराठी पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छापण्यासाठी पत्नीकडे पाठवायची परवानगी मागितली, तर 1964 मध्ये सरकारने नकार दिला. अणूबद्दलच्या पुस्तकाला! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1965 मध्ये निकाल संझगिरींच्या बाजूने लागला.

ही झाली आतून बाहेर आलेली पत्रं. ती पुस्तकांत टिकतात. बाहेरून आत गेलेली पत्रं मात्र क्वचितच कुणी जपतं, आणि कात्री तिथेही असते. आजही आतल्या माणसाकडे फोन नसतो. आपल्या फोनमधल्या हजार फोटोंपैकी एखादा निवडून छापून पाठवावा लागतो. पाकीट त्याच्या हाती पडण्याआधी दुसरंच कुणी उघडणार, हे आईलाही ठाऊक असतं. मग ती केसबद्दल लिहीत नाही, वकिलाच्या फीबद्दल लिहीत नाही. गड्ड्याच्या जत्रेला यंदा गर्दी होती, धाकटीचे दात पडले, असं लिहिते.

असं पत्र परक्याला 'मंगल प्रभात'सारखंच कोरडं वाटेल. ज्याच्यासाठी ते लिहिलंय, त्याला मात्र त्यात काय गाळलंय ते बरोबर कळतं. 'मंगल प्रभात' पुन्हा उघडलंत, तर आधी स्वदेशीचं प्रकरण काढा. बाकीची पत्रं त्याच्यानंतर वाचा.