चक्र फिरते, पण कळते केव्हा?

‘सेक्टर रोटेशन’ म्हणजे क्षेत्रपालट. अर्थचक्राच्या चालू टप्प्याला साजेशा उद्योगक्षेत्रात पैसा हलवत राहायचे, ही त्यामागची कल्पना. मंदी सरू लागली की बँका आणि चैनीच्या वस्तू. तेजी भरात आली की यंत्रसामग्री आणि ऊर्जा. उतार लागला की औषधे, वीज आणि किराणा. पिकांच्या फेरपालटीसारखी ही मांडणी चटकन पटते. पण शेतकऱ्याला मृग केव्हा लागणार हे आधी ठाऊक असते. गुंतवणूकदाराजवळ असे पंचांग आहे का?

डिसेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत एस अँड पी ५०० निर्देशांकाची नऊ क्षेत्रे पाडून नऊ ईटीएफ बाजारात आले. शेअरसारखा एक फंड घेतला की आख्खे क्षेत्र पदरात. क्षेत्रपालट सामान्यांच्या आवाक्यात आली ती इथे. तिची भुरळ खोटी नव्हे. तिथले ऊर्जा क्षेत्र २०२० मध्ये सुमारे एक तृतीयांशाने घसरले. २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी ५० टक्क्यांहून अधिक वाढले. २०२२ मध्ये निर्देशांक मात्र जवळपास एक पंचमांशाने खाली आला होता. मागे वळून पाहता सारे सोपे दिसते. पण २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकी तेलाचा वायदा शून्याखाली गेला, त्या दिवशी तेल कंपन्यांत पैसा घालायला किती जणांचा हात धजावला असता?

आता पंचांगाकडे पाहू. अमेरिकेतील मंदीच्या तारखा नॅशनल ब्यूरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च ही संस्था ठरवते. डिसेंबर २००७ मध्ये तेजीचा कळस होऊन मंदी सुरू झाली, हे तिने १ डिसेंबर २००८ रोजी सांगितले. मंदी जून २००९ मध्ये संपल्याची घोषणा २० सप्टेंबर २०१० ची. बाजाराने तर ९ मार्च २००९ रोजीच तळ गाठून पाठ फिरवली होती. टप्प्यांचा तक्ता चुकीचा नसेलही. आपण कोणत्या टप्प्यात उभे आहोत, हे तो सांगत नाही.

क्षेत्रांची नावेही स्थिर नाहीत. सप्टेंबर २०१८ मध्ये अल्फाबेट आणि फेसबुक माहिती-तंत्रज्ञानातून उचलून ‘कम्युनिकेशन सर्व्हिसेस’ या नव्या मांडणीच्या क्षेत्रात नेले गेले. त्याआधीचा आणि नंतरचा ‘तंत्रज्ञान’ फंड एकच समजून केलेली तुलना फसवी ठरते.

आपल्याकडेही बँका, आयटी, औषधनिर्मिती यांचे ईटीएफ आहेत आणि हाच तक्ता इथे जसाच्या तसा वापरला जातो. इथे पालटीला कराची कात्रीही लागते. २३ जुलै २०२४ पासून शेअरांच्या ईटीएफवर वर्षाच्या आत झालेल्या नफ्याला २० टक्के, आणि त्यानंतरच्या नफ्याला वर्षाला सव्वा लाखाची सूट वजा जाता साडेबारा टक्के कर आहे. लाखावर दहा हजार कमावून दहाव्या महिन्यात पालट केली, तर दोन हजार तिथेच गेले. न हलणाऱ्याचे ते दोन हजार कामाला लागलेलेच राहतात.

म्हणून अशा गुंतवणुकीचे परीक्षण ‘नफा किती झाला’ एवढ्यावर संपू नये. वहीत तीन रकाने हवेत: पालट करून जमलेली रक्कम; पहिल्या दिवशीची वाटणी तशीच ठेवली असती तर झालेली रक्कम; आणि सगळे निर्देशांकाच्या साध्या फंडात ठेवले असते तर झालेली रक्कम. तिन्ही कर आणि दलाली वजा जाता. शिवाय प्रत्येक पालटीचे कारण त्याच दिवशी, तारखेसह लिहिलेले हवे. मी अशी वही काही वर्षे ठेवली. दुसरा रकाना पहिल्याच्या पुढे निघाला. त्याहून बोचले ते हे, की निम्म्या पालटींपुढे कारणाची जागा कोरी होती. ती मी मागाहून भरायला निघालो होतो.

क्षेत्रवार फंड निरुपयोगी आहेत, असे नाही. ज्याचा पगार आयटीतून येतो आणि घराचे हप्ते त्याच पगारातून जातात, त्याने बचतीत आयटीचा वाटा कमी ठेवावा. त्यासाठी भविष्य ओळखावे लागत नाही, स्वतःची परिस्थिती ओळखली तरी पुरते. निवृत्तीची पुंजी हलवण्याआधी निदान एवढे तपासावे.