मतगणना आणि मतविचार

'मत' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक, विचाराअंती बनलेली धारणा. दुसरा, निवडणुकीत द्यावयाचा कौल. पहिल्या मतास कारणांचा आधार लागतो; दुसऱ्यास कारण कोणी विचारीत नाही. आंतरजालावरील समाजमाध्यमे मतांच्या देवघेवीची आणि तुलनेची साधने म्हणून आपल्यापुढे येतात. त्यांचे परीक्षण करताना हा भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे.

या माध्यमांची रचनाच पाहावी. फेसबुकने २००९ मध्ये पसंतीची कळ आणली. ट्विटरने २०१५ मध्ये कौल घेण्याची सोय केली. अशा कौलात पर्याय मोजके असतात, ते विचारणाराच ठरवितो, आणि मुदत संपताच शेकडेवारी मांडली जाते. येथे तुलना होते खरी, परंतु ती मतांची नव्हे, मत देणाऱ्यांच्या संख्येची. दोघांनी परस्परविरुद्ध कारणांनी एकच पर्याय निवडला, तरी ते एकाच रकान्यात बसतात. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार मानले: तत्त्वनिर्णयासाठी वाद, विजयासाठी जल्प, आणि स्वपक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन करणारी वितंडा. शेकडेवारीला या तिहींतील अंतर दिसत नाही.

निराळ्या प्रकारच्या देवघेवीचे उदाहरण याच नगरात आहे. १९६७-६८ च्या सुमारास मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातून डॉ. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' उदयास आले. दलित साहित्य कोणास म्हणावे, ते जन्माने ठरते की जाणिवेने, त्याची प्रेरणा कोणती, हे त्या काळचे ऐरणीवरचे प्रश्न होते. त्यांचा ऊहापोह लेखांतून झाला, तसाच पुढे लेखक-वाचक मेळाव्यांतूनही झाला. येथे वाचक हा मोजला जाणारा घटक नव्हता. तो उत्तर देणारा प्रतिपक्ष होता. त्या वेळी दलित साहित्य या संकल्पनेवर मराठी वाचकांचा कौल घेतला असता, तर बहुमत तिच्या बाजूने पडले असते असे मानण्यास आधार नाही. ती संकल्पना टिकली ती संख्येने नव्हे, युक्तिवादाने आणि साहित्यनिर्मितीने.

तथापि समाजमाध्यमांचा एक गुण मान्य करणे भाग आहे. 'अस्मितादर्श'ची गरज भासली, ती प्रस्थापित नियतकालिकांत या लेखकांना पुरेसे स्थान नव्हते म्हणून. आज ज्याच्याजवळ दूरध्वनी आहे, त्यास संपादकाच्या दारी तिष्ठावे लागत नाही. हा लाभ लहान नव्हे. परंतु बोलण्याचा अधिकार मिळाला म्हणजे ऐकणारा मिळाला असे होत नाही. आणि ज्या ठिकाणी ऐकण्याऐवजी मोजले जाते, तेथे अल्पसंख्याचे मत प्रकट होते, ते केवळ पराभूत म्हणून नोंदले जाण्यासाठी.

औरंगपुऱ्यातील चौकास महात्मा फुले यांचे नाव आहे. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा लोकमत त्यांना प्रतिकूल होते. त्या लोकमताची शेकडेवारी कोणी काढली असती, तर ती बिनचूक ठरली असती, आणि तरीही निर्णय चुकीचाच ठरला असता. मतांची गणना समाज आज कोठे उभा आहे एवढेच सांगते; तो कोठे जावा, हे कारणांनीच ठरवावे लागते. समाजमाध्यमांची कसोटी हीच: त्यांतून किती मते गोळा झाली ही नव्हे, तर किती मते बदलली आणि कोणत्या कारणाने बदलली, ही होय.